दोन सेकंद कमी

अँटेना एकतीस सेंटिमीटरवर येऊन थांबत होता. पूर्ण वर आला की त्र्याण्णव, हे श्यामलाबाई पेंडशांनी पट्टी लावून कधीच मोजून ठेवलं होतं. म्हणजे आता बरोबर एक तृतीयांश. त्यापुढे गाडीच्या मागच्या डाव्या मडगार्डमधली मोटर नुसतीच घुरघुरायची, नवव्या सेकंदाला गप्प व्हायची, आणि अँटेना तसाच उभा राहायचा. उत्तर येतंय पण खात्री नाही म्हणून हात अर्धाच वर केलेल्या विद्यार्थ्यासारखा.

असे विद्यार्थी श्यामलाबाईंनी चौतीस वर्षं पाहिले होते. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती.

गाडी त्यांच्या नवऱ्याची, विद्याधरांची. रेडिओ लावला की आपोआप वर येणारा अँटेना त्यांनी हौसेनं बसवून घेतला होता, आणि पुढची दोन वर्षं घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी पार्किंगमध्ये नेऊन तो वर-खाली करून दाखवला होता. विद्याधरांना जाऊन चार वर्षं झाली. गाडी आता कुठे जात नसे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकराला श्यामलाबाई खाली येत, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवत आणि बंद करून वर जात. बॅटरी उतरू नये म्हणून, असं कुणी विचारलं तर सांगायचं ठरलं होतं. कुणी विचारलं नव्हतं.

खरं कारण रेडिओ होतं. रेडिओ घरातही होता, पण तिथे एक आवाज तीन खोल्यांना पुरत नसे आणि उरलेली जागा नको तेवढी जाणवे. गाडीत काचा वर केल्या की तोच आवाज अगदी कडेपर्यंत भरे. गेले तीन आठवडे मात्र गाडीतही नुसती खरखर भरत होती.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं सल्ला दिला की अँटेना कापून टाकू, भोकाला बूच लावू, आणि गाणी मोबाइलवर ऐका. श्यामलाबाई त्याला बरं म्हणाल्या आणि रिक्षा करून नाना पेठेत गेल्या. त्या दिवशी त्यांनी मोठ्यानं बोललेलं पहिलं वाक्य स्पेअर पार्टच्या दुकानातलं होतं, त्यामुळे आवाज फुटायला दोन प्रयत्न लागले.

दुकानदार मान वर न करता म्हणाला, "ह्याला शेवटचं गिऱ्हाईक आलं तेव्हा गल्ल्यावर वडील बसायचे."

"मिळेल का पण?"

"मिळेल ना. तेव्हापासून तुमचीच वाट बघतोय."

आणि खरोखरच त्यानं माळ्यावरून एक लांबट, धुळीनं मऊ झालेलं खोकं काढून दिलं. आत नवी काठी होती, काठीच्या खाली नायलॉनची दातेरी दोरी होती, आणि घडी केलेला एक कागद होता.

कागदावर कृती होती आणि एक चित्र होतं. कृती अवघड नव्हती. मडगार्डवरचा नट काढायचा, रेडिओ चालू करायचा, मोटर जुनी काठी बाहेर ढकलते. मग नवी काठी धरून तिची दोरी भोकात सोडायची आणि रेडिओ बंद करायचा. बंद केला की मोटर उलटी फिरते आणि दोरी आत ओढून घेते. चित्रात दोन गृहस्थ होते. एक गाडीत रेडिओपाशी, दुसरा बाहेर काठी धरून, आणि दोघंही हसत होते. खाली लिहिलं होतं, हे काम दोन व्यक्तींनी करावे.

श्यामलाबाईंनी गाडीतल्या गृहस्थावर अंगठा ठेवून पाहिला. चित्र तरीही बरं दिसत होतं.

दुसरी व्यक्ती कोण, याचाही त्यांनी विचार केला. पहिल्या मजल्यावरची वल्लरी घरूनच काम करायची, पण ती दिवसभर कानात काहीतरी घालून कुणाशीतरी इंग्रजीत बोलत असायची. सोसायटीचे सेक्रेटरी हिंदुराव जगताप आनंदानं आले असते, पण ते एकटे कधीच येत नसत, कमिटी घेऊन येत. तिसरं नाव श्यामलाबाईंनी यादीत घेतलं नाही.

तिसरं नाव बाळ सोहोनी. समोरच्या बी विंगेत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे, विद्याधरांचे जुने मित्र, हवामान खात्यातून निवृत्त झालेले. चौदा महिन्यांपूर्वी संध्याकाळच्या फिरण्यानंतर सोसायटीच्या बाकावर बसून त्यांनी श्यामलाबाईंना विचारलं होतं, की आपण दोघांनी एकत्र राहण्याची काही शक्यता आहे का. लग्न म्हणाल तर लग्न, नको म्हणाल तर नको. तुमच्याकडे म्हणाल तर तुमच्याकडे. जन्मभर शक्यताच वर्तवल्यामुळे त्यांना तो शब्द सहज आला होता. श्यामलाबाई म्हणाल्या होत्या, "बघते." ते म्हणाले होते, "घाई नाही."

श्यामलाबाईंनी खरंच बघायला घेतलं. जुन्या जर्नलच्या कोऱ्या पानावर तक्ता आखला, अनुकूल आणि प्रतिकूल. औषधांच्या वेळा, झोपेच्या वेळा, आमटीतला गूळ असं सगळं भरत आणलं. 'लोक काय म्हणतील' या रकान्यापाशी त्या अडल्या, कारण त्याला एकक नव्हतं. ज्याला एकक नाही ते मोजायचं कसं? तक्ता तिथेच राहिला. उत्तर तयार नसताना समोर जाणं बरं नव्हे म्हणून त्यांनी फिरण्याची वेळ सहावरून सव्वापाचवर आणली, आणि बी विंगेच्या बाजूचं फाटक सोडून मागच्या फाटकानं ये-जा सुरू केली. सोहोनींनी पुन्हा विचारलं नाही. चौदा महिने झाले.

तर काम एकटीनंच करायचं होतं.

शुक्रवारी सकाळी अकराला त्या पाना, पक्कड, कागद आणि स्टॉपवॉच घेऊन खाली आल्या. जुनी काठी निघाली. तिची दोरी मध्येच तुटलेली होती, तुटका तुकडाही मोटरनं बाहेर टाकला. पुढची पायरी मात्र सेकंदांची होती. रेडिओ बंद केल्यापासून मोटर नऊ सेकंद फिरत होती. ड्रायव्हरच्या जागेवरून उतरून, डिकीला वळसा घालून डाव्या मडगार्डपाशी पोहोचायला श्यामलाबाईंना लागत होते अकरा सेकंद. त्यांनी तीनदा चालून पाहिलं आणि सरासरी काढली. अकरा पूर्णांक एक. पाच वर्षांपूर्वीचे गुडघे असते तर जमलं असतं, किंवा घरात आणखी एक माणूस असतं तर.

दोन सेकंद कुठून तरी आणायला हवे होते. श्यामलाबाई वर जाऊन सुतळी घेऊन आल्या.

रेडिओचं बटण जुन्या पद्धतीचं, गोल होतं. डावीकडे फिरवत नेलं की आवाज कमी होत होत शेवटी खट् करून बंद. त्या बटणाला सुतळीचे चार वेढे द्यायचे, सुतळी खाली गिअरच्या दांड्याला वळसा घालून मागे न्यायची, मागच्या डाव्या खिडकीची काच बोटभर उघडी ठेवून तिथून बाहेर काढायची. मडगार्डपाशी उभं राहून एका हातानं काठी धरायची, दुसऱ्या हातानं सुतळी ओढायची. कप्पीचा साधा प्रयोग, दुसरी व्यक्ती अनावश्यक.

प्रश्न एवढाच होता की वेढे कुठल्या दिशेनं द्यायचे. श्यामलाबाईंनी उजव्या हाताचा नियम लावला: बोटं वळवायची, अंगठा ताठ ठेवायचा, दिशा कळते. हा नियम त्यांनी चौतीस बॅचना शिकवला होता, आणि दर बॅचमध्ये निम्मी मुलं परीक्षेत तो चुकवत, कारण उजव्या हातात पेन असे आणि मुलं नकळत डावा हात वापरत. श्यामलाबाई दर वर्षी बजावत, आधी पेन खाली ठेवा.

आत्ता त्यांच्या उजव्या हातात पाना होता.

सगळी मांडणी होईतो एक वाजून दहा मिनिटं झाली. एक ते चार ही सोसायटीची शांततेची वेळ. फाटकाशी पाटीच होती: दुपारी १ ते ४ हातोडा, रेडिओ, घंटा व मोठ्यानं निरोप घेणं बंद. पाटीचा मजकूर कमिटीच्या विनंतीवरून श्यामलाबाईंनीच लिहून दिला होता. पण रेडिओ अगदी बारीक होता, आणि आता तर तो बंदच व्हायचा होता. त्यांनी चावी तशीच राहू दिली, गाडीतून उतरल्या, आणि विद्याधरांनी तीस वर्षं लावलेल्या सवयीनं दाराची खुंटी दाबून, बाहेरचा खटका उचलून दार लावलं. बाकीची तीन दारं आधीच तशी लावलेली होती. सवय विचारून होत नाही.

मग त्यांनी नवी काठी धरली, दोरी भोकात सोडली आणि सुतळी ओढली.

बटण उजवीकडे फिरलं. शेवटपर्यंत फिरलं, आणि तिथून पुढे जागा नसल्यामुळे निघून सीटखाली गेलं. गाडीतून एका भारदस्त आवाजानं अख्ख्या सोसायटीला सांगितलं की उसावरील हुमणी ही अत्यंत नुकसानकारक कीड असून शेतकरी बांधवांनी वेळीच सावध व्हावं.

श्यामलाबाईंनी दार ओढलं. दुसरं ओढलं. चावी आत, स्टेअरिंगखाली मजेत लटकत होती. दार ओढायला जाताना काठी सोडावी लागली तसा हुमणीचा आवाज गेला आणि त्या जागी पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर सुरू झाली, तेवढीच मोठी. त्या धावत परत आल्या आणि काठी धरली. हुमणी परत आली. काठी सोडली की खरखर, धरली की ऊस. कारण उघड होतं, काठी नीट टेकली की अँटेनाचं काम करत होती. पण कारण कळल्यानं सुटका होत नव्हती.

पहिल्यांदा वल्लरी खाली आली, हातात उघडा लॅपटॉप घेऊन.

"काकू, मी कॉलवर आहे. क्लायंट विचारतोय हा फार्म कुणाचा आहे."

श्यामलाबाईंनी परिस्थिती थोडक्यात सांगितली. वल्लरीनं लॅपटॉप दुसऱ्याच्या स्कूटरवर ठेवला आणि सुचवलं की बॅटरीची वायर काढून टाकू. बॅटरी बॉनेटखाली होती. बॉनेट उघडायचा खटका गाडीच्या आत होता. वल्लरी "ओके," म्हणाली आणि मोबाइलवर काहीतरी शोधू लागली. एव्हाना दोन्ही विंगांच्या गॅलऱ्यांत माणसं आली होती. जेवणं झालेली, डोळे मिटत आलेले, अशा वेळी उठवलेली माणसं. सगळी नुसती बघत होती, आणि तेच जास्त होतं.

मग हिंदुराव आले, बनियनवर उपरणं टाकून, मागे कमिटीचे दोघं. सेक्रेटरी या नात्यानं त्यांनी आधी पाटीकडे बोट केलं.

"बाई, ह्ये तुम्हीच लिवून दिलंय न्हवं?"

"हो."

"रेडिओ असं नाव घालून लिवलंय."

"मला पाठ आहे हिंदुराव."

त्यावर आणखी काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात गाडी औषध किती लिटर पाण्यात मिसळायचं ते सांगू लागली आणि हिंदुरावांची मान तिकडे वळली. धायरीला त्यांचं सात एकर उसाचं रान होतं. आता तिथे अकरा मजल्यांच्या तीन इमारती होत्या आणि हुमणीचा प्रश्न कायमचा मिटला होता.

"चूक सांगतोय ह्यो," ते म्हणाले. "औषध नंतरची गोष्ट हाय. वळीव झाला की लिंबाची, बाभळीची झाडं हलवून हुमणीचे भुंगेरे गोळा करायचे असत्यात. आमचा बा रॉकेलच्या डब्यात टाकायचा."

कमिटीतल्या एकानं दगडानं काच फोडायचं सुचवलं. श्यामलाबाई नाही म्हणाल्या. निदान ती काठी तरी सोडा, असं दुसरा म्हणाला. त्यांनी सोडली. चार सेकंद खरखर ऐकल्यावर तिसऱ्या मजल्यापासून तळापर्यंत सगळ्यांचं एकमत झालं की बाईंनी काठी धरूनच ठेवावी. अशा रीतीनं श्यामलाबाई भर दुपारी, स्वतःच लिहिलेल्या पाटीसमोर, हातात काठी धरून सोसायटीला शेतीचा कार्यक्रम ऐकवत उभ्या राहिल्या. खांदा भरून आला होता. गेल्या चार वर्षांत एवढी माणसं त्यांच्याजवळ एका वेळी फक्त एकदाच जमली होती, तेही विद्याधर गेले त्या दिवशी, हे त्यांच्या मनात येऊन गेलं.

"डुप्लिकेट चावी नाहीये का, काकू?" वल्लरीनं विचारलं.

गाडीनं सेंद्रिय उपायांकडे वळू या असं म्हटलं.

"आहे," श्यामलाबाई म्हणाल्या.

"वर आहे? मी आणते."

"वर नाही." विद्याधर चाव्या हरवत, म्हणून एक चावी कायम दुसऱ्याच्या घरी ठेवलेली असे. "सोहोनींकडे आहे."

"मग एवढा वेळ का नाही सांगितलंत?"

याचं उत्तर पार्किंगमध्ये देण्यासारखं नव्हतं. पण वल्लरीला बी विंगेत जावं लागलं नाही. वर गॅलऱ्यांकडे पाहून ती हाक मारणार, तोच जिन्यातून बाळ सोहोनी उतरताना दिसले. इस्त्रीचा शर्ट, पायात दोन वेगळ्या चपला, हातात चावी. तिला एक जुनं कागदी लेबल बांधलेलं होतं आणि त्यावर विद्याधरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'गाडी. बाळ, हरवू नकोस.'

कुणाकडे न बघता त्यांनी दार उघडलं, आत बसले, बटणाच्या दांडीला पक्कड लावून आवाज माणसांत आणला. गॅलऱ्यांतून सुटकेचा निःश्वास आला. हिंदुराव मात्र म्हणाले, "अगदीच बारीक करू नका राव, संपत आलंय. ह्यो शेवटी काय सांगतोय बघू." आणि सेक्रेटरींचीच सूचना म्हटल्यावर आवाज पुन्हा थोडा वाढला.

सोहोनींनी शेजारच्या सीटवरचा कागद उचलून वाचला.

"दोघांचं काम आहे म्हणतात."

"वाचलंय मी," मागून श्यामलाबाई म्हणाल्या.

"तीन आठवडे पूर्ण वर येत नव्हता. गॅलरीतून दिसतो."

"मग बोलला नाहीत ते."

"तुम्ही 'बघते' म्हणाला होतात. मध्येच दुसरं काही बोलायला येणं बरं दिसलं नसतं." त्यांनी सीटखालून बटण काढलं आणि त्याच्याशी गुंतलेली सुतळी सोडवायला घेतली. वेढे कुठल्या बाजूनं दिलेत ते त्यांच्या लक्षात आलं असावं, पण त्यांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं. "मंगळवारी, शुक्रवारी अकराला मीही लावतो. वर, घरी. स्टेशन विद्याधरनं लावलेलं तेच असणार. तुमचं इंजिन बंद झालं की मीही बंद करतो."

श्यामलाबाई काठी धरून उभ्या होत्या. चौदा महिने. आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं. मधलं अंतर फार तर चाळीस मीटर. हा आकडा त्यांच्या तक्त्यात कुठेच नव्हता, आणि त्याला एककही होतं.

आता काय होईल तेही त्यांना स्पष्ट दिसलं. रेडिओ बंद होईल, काठी बसेल, नट आवळला जाईल. सोहोनी चावी खिशात घालून बी विंगेचा जिना चढतील आणि त्या स्वतः मागच्या फाटकाकडे वळतील. मंगळवारी अकराला दोन रेडिओ वेगवेगळे वाजतील. बोलायचं तर आत्ता, उसाचा आवाज आहे तोवर. ड्रायव्हरच्या सीटपर्यंत शब्द जातील एवढ्या मोठ्यानं बोलायचं. बाकीच्यांना हुमणीपलीकडे काही ऐकू जायचं नाही. हिशेब बरोबर होता.

त्यांनी दोरी भोकात सरळ धरली, खिडकीच्या फटीकडे तोंड केलं, आणि थांबले तर पुन्हा चौदा महिने जातील म्हणून दोन्ही वाक्यं एका दमात म्हणायला घेतली. पहिलं वाक्य "बंद करा" हे होतं.

सोहोनी आज्ञाधारक गृहस्थ होते. त्यांनी त्याच क्षणी बंद केलं. मोटर फिरली, दोरीचे दात बरोबर बसले, काठी श्यामलाबाईंच्या बोटांमधून सरसर खाली जाऊ लागली, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की अँटेना खाली जायचा तर रेडिओ गप्प व्हावाच लागतो. हिंदुराव, वल्लरी, कमिटी, दोन्ही विंगांच्या सगळ्या गॅलऱ्या, आणि वर दुपारी एक ते चारची शांतता. दोन्ही हात काठीत अडकलेले होते. वाक्य अर्ध्यावर तोडता आलं असतं, पण अर्ध्यावर थांबणारी एक वस्तू त्यांनी आत्ताच दुरुस्त केली होती. उसावरून पलीकडे जावा म्हणून लावलेल्या त्याच आवाजात, नऊ सेकंदांच्या आत, त्यांनी ते पूर्ण केलं.

"आणि बाळराव, उत्तर हो आहे. सोमवारी सामान घेऊन माझ्याकडे राहायला या."